सावत्र हरभरा

१९ ऑक्टोबर २०१४

तुबा, हे वाचायला घेशील तेव्हा आधी डोक्यावर हात फिरव. चष्मा तिथंच आहे. मागच्या खेपेला अकोल्याला निघालीस तर डबा घेतलास, बाटली घेतलीस, आणि ज्या बियाण्यासाठी आली होतीस ते चुलीजवळ ठेवून गेलीस. तुझा बाप मोटरसायकल काढून मूर्तिजापूर टेशनापर्यंत तुझ्यामागे धावला. शेतीच्या विद्यापीठात डॉक्टर होणाऱ्या पोरीचं हे डोकं. म्हणून ही वही तुझ्यासाठी.

मला अक्षर येत नाही हे गावाला ठाऊक आहे. मी सांगते, तुझी अम्मी गजाला लिहिते. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते. माझं बोलणं धुऊन, नीळ घालून वाळत टाकते म्हण. आजवर माझी वही म्हणजे माझा पदर. एक काम, एक गाठ. परवा या बाईनं लुगडं भिजवताना साऱ्या गाठी सोडल्या, आणि शेजारच्या माणिकबाईला लिंबं द्यायची होती ती झाडावरच पिकून गळाली. भांडण वाढू नये म्हणून तिनंच ही वही काढली.

(गाठी तशाच ठेवून लुगडं निघत नाही, तुबा. तूच सांग. – गजाला)

तर आज काय झालं ते. तू आलीस आणि घरामागच्या जागेत हरभऱ्याचे दोन पट्टे पेरून गेलीस. बियाणं सारं एकाच झाडाच्या वंशातलं, म्हणजे सख्खी भावंडं. एका पट्ट्याला नळीनं पाणी, दुसऱ्याला जमिनीत असेल तेवढ्याच ओलीवर जगायचं. मी लगेच नावं ठेवली, लाडका आणि सावत्र. तू म्हणालीस, "दादी, तहानलेल्या मायची लेकरं कशी निपजतात, ते मले पाहाचं हाय." मी म्हटलं, त्यासाठी पेरायची काय गरज, सारं वऱ्हाड पडलंय पाहायला.

मग तुझे हुकूम. शेंडे खुडायचे नाहीत, म्हणजे हिवाळाभर हरभऱ्याची भाजी बंद. पहाटे झाडांवर फडकं पसरून पानांवरच्या आंबट दवाची आंब धरायची नाही, म्हणजे माझ्या पोटाचं औषध बंद. "आन सावत्राले पानी नाई, दादी. एक थेंबही नाई." मी कबूल झाले.

कुर्बान बांधावर उभा होता. यंदा सोयाबीनच्या शेंगा पोचट निघाल्या, तेव्हापासून माझा लेक मोजून बोलतो. म्हणाला, "दोन साल देतो. या सालचं बी, पुढच्या साली त्याची लेकरं. काई निघालं नाई, त मी इथं बकऱ्यांसाठी टीन टाकतो." तू हो म्हणालीस. पाय वाजवत गेलीस.

२ नोव्हेंबर

उगवला. दोन्हीकडं सारखाच. माणिकबाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काहून वो शहाजादीबाई, अर्ध्याले पानी अन् अर्ध्याले नाई? वाटण्या झाल्या का घरात?" मी म्हटलं, नाही बाई, माझी नात विद्यापीठात सावत्रपणा शिकते.

७ डिसेंबर

कुर्बाननं न्हाणीत गुळगुळीत फरशी बसवली, आपली आई त्यावर कशी घसरते ते पाहायला. पाहून झालं. गुडघा सुजला, बाकी मी शाबूत. तुबाला कळवायचं नाही, तिची परीक्षा आहे. कळलं तर ती हातातलं टाकून येईल, आणि येताना निम्मं सामान विसरेल.

(अम्मांनी शपथ घातली, म्हणून मी फोनवर काही बोलले नाही. – गजाला)

आता नमाजेआधीचं हातपाय धुणं, वजू, मी बाहेरच करते. सावत्राच्या टोकाशी तो सपाट दगड आहे ना, तिथं ऊन चांगलं येतं. लाडक्याच्या बाजूला सदाचा चिखल, पाय धुवावे तर पुन्हा भरतात. सावत्राकडं कोरडं, स्वच्छ. अल्लानं बसायला दगड दिला, मला आणखी काय हवं?

२४ डिसेंबर

सावत्र उंचीला खुजा, पानं राखट, पण फुलावर आधी आला. गरिबाघरच्या पोरी लवकर शहाण्या होतात, तसं. लाडका नुसता हिरवागार पसरलाय, अजून फुलाचा पत्ता नाही.

एक गंमत. माझ्या दगडाजवळची सावत्र झाडं टवटवीत झाली आहेत. का, ते मला माहीत आहे. नमाज झाली की मी त्यांच्याशी बोलते. परवा सगळा माणिकबाईच्या सुनेचा किस्सा सांगितला. झाडालाही माणसाचा शब्द लागतो. कुर्बानला हे सांगितलं तर तो कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, "अम्मा, मंग माह्या सोयाबीनसंगं बी बोलाचं होतं नं."

पाणी मात्र मी दिलं नाही. लोटा उचलून एकाही झाडावर ओतला नाही. तुबाला दिलेला शब्द म्हणजे शब्द.

१५ जानेवारी २०१५

तुबा दोन दिवस राहून गेली. ओळीओळीला दोरे बांधले, चिठ्ठ्या लावल्या, फुलं पाहिली, घाटे पाहिले. माझा गुडघा तिला दिसू नये म्हणून मी न्हाणीतच वजू केली. गजालानं आतून हात धरला होता आणि कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्यानं तिला शिव्या घालत होते.

(त्या शिव्या मी इथं लिहिणार नाही. – गजाला)

जेवताना मी विचारलं, "काय वो, तहानलेली माय आपल्या लेकराले सांगते कशी? बियाले कान असतात का?"

तुबानं हात पुसले आणि माझा पदरच ओढला. त्यात गाठी होत्याच. एक माणिकबाईच्या तिळगुळाची, एक गॅसच्या सिलिंडरची. म्हणाली, "दादी, हे लुगडं पाह्य. गाठ मारली म्हून सूत बदललं का?"

"नाई."

"रंग बदलला? काठ बदलला?"

"नाई वो माय."

"पन गाठ पाहून तुले आठोते, का नाई? झाडाचंबी तसंच. आजा-पनजापासून आलेलं लुगडं तेच राह्यते. तहान लागली, ऊन तापलं, की झाड त्याच्यात बारीक बारीक गाठी मारून ठेवते. इथं पानी जपून वापर, इथं मूळ खोल घाल. आन काही गाठी तशाच्या तशा बियात जातात. लेकराले मायचं लुगडं भेटते, गाठीसकट."

मी म्हटलं, "आन तुह्या अम्मीसारखी कोनी धुवाले घेतलं तर?"

तुबा टाळी वाजवून हसली. "हेच तं! लेकराले आरामात ठेवलं, त एक-दोन पिढ्यात गाठी सुटूनबी जातात. किती टिकतात, कोनत्या टिकतात, हेच मी शोधून राह्यली."

एवढी शिकून पोरगी शेवटी माझ्या पदरावरच आली. मी सिलिंडरची गाठ सोडली नाही, पण सिलिंडरचं सांगायचं विसरले. रात्री चूल पेटवावी लागली.

२० फेब्रुवारी

सोंगणी झाली. एकेक ओळ वेगळी, एकेका ओळीची कागदी पुडी वेगळी. तुबानं दाणे चाळून एका मापाचे घेतले, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मोठ्या दाण्याचं लेकरू मोठं झालं. सावत्राचं पीक थोडं, पण दाणा टणक. या वेळी बियाणं नाही विसरली. मला सलाम करायचं विसरली, वळणावरून परत आली.

१८ जुलै

ईद. पाऊस पुन्हा रुसलेला, तरी शीरखुर्मा केला. तुबा एका दिवसासाठी आली आणि दिवसभर झोपली. तिच्या मॅडम फार कडक आहेत म्हणे. विमल मॅडम. मला त्या न पाहताच आवडल्या. ही पोरगी कोणाला तरी भिते, हे ऐकून बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

सावत्राची आणि लाडक्याची लेकरं आज पेरली. निम्मी अकोल्याला कुंड्यांत, निम्मी इथं घरामागं. आता दोघांनाही सारखंच कोरडं, कोणाचा लाड नाही. म्हणजे लेकरांना आईकडून काय आलं तेवढंच दिसेल, असं तुबा म्हणते. कुर्बान टीन किती लागेल ते टेपनं मोजत होता. मी टेपचं टोक पायाखाली धरलं. "अम्मा, पाय काढ." म्हटलं, हंगाम होऊ दे, मग काढते.

२० डिसेंबर

आज लिहायला मन नाही, पण गजाला वही घेऊन बसली आहे.

तुबाचा फोन आला. कुंड्या फोडून मुळं धुतली, काळ्या कागदावर पसरली. सावत्र मायची लेकरं मुळानं सरळ खोल गेलेली, एकवेणी घातल्यासारखी. लाडक्या मायची वरच्या वर पसरलेली, केस मोकळे सोडल्यासारखी. तुबाला हवं होतं तेच. पण सावत्राच्या काही ओळींतली लेकरं बेइमान निघाली. नाव सावत्राचं, मुळं लाडक्याची. मॅडम म्हणाल्या, एकतर पुड्यांची अदलाबदल झाली, नाहीतर तुझा विषयच खोटा. त्या आणखी एक बोलल्या. सावत्र पट्ट्याची माती हलकी असेल, आणि फरक पाण्याचा नसून मातीचा असेल, तर तुझ्याकडं काय उत्तर आहे? महिनाभरात उत्तर नाही सापडलं तर विषय बदलायचा.

तुबा म्हणाली, "दादी, मी पुड्या नाई बदलल्या. पन मीच सारं विसरतो, म्हून मलेच माह्यावर भरोसा नाई राह्यला. मी सोडून येतो घरी."

मी आयुष्यभर तिला भुलक्कड म्हणून चिडवलं. आज पहिल्यांदा वाटलं की चिडवलेलं तिच्या हाडात जाऊन बसलं.

गजाला लिहिता लिहिता रडते आहे. कागद ओला होऊ नये म्हणून मी तिला माझा पदर दिला.

३ जानेवारी २०१६

गजाला, आज हात दुखला तरी लिही. एक शब्द गाळू नको.

दुपारची नमाज व्हायची होती. मी दगडावर बसले, लोटा घेतला. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, डोक्यावरून ओला हात फिरवला, पाय धुतले. तोवर मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. वळून पाहते तर तुबा. खांद्यावर पिशवी, डोळे सुजलेले, न सांगता आलेली. मी म्हटलं, "आली का? फोन तरी कराचा."

ती माझ्याकडं पाहतही नव्हती. माझ्या पायांवरून ओघळलेलं पाणी दगडावरून उतरून, मागच्या साली सावत्र होता तिथल्या कडेच्या ओळींत जात होतं, ते पाहत होती. आणि त्या ओळी बाकी शेतात उठून दिसत होत्या. सारं शेत राखट, आणि तेवढाच कोपरा हिरवागार.

"दादी, तू इथं काय करून राह्यली?"

"दिसत नाई? वजू."

"रोज इथंच करतं?"

"मंग कुठं करू? तुह्या हॉस्टेलात?"

"कधीपासून?"

आता आली पंचाईत. कधीपासून सांगायचं तर घसरल्याचं सांगावं लागतं. मी गजालाकडं पाहिलं, गजालानं आभाळाकडं. शेवटी मीच बोलले. "मागच्या हिवाळ्यापासून. न्हाणीत पडली होती जराशी. गुडघ्याले लागलं होतं. आता बरं हाय."

तुबा मटकन खाली बसली. मला वाटलं, गुडघ्याचं ऐकून बसली. तर नाही. पिशवीतून आपला कागद काढला, बोट फिरवलं, दगडाकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. मग म्हणाली, "बेइमान निघालेल्या लेकरांच्या माया मागच्या साली इथंच होत्या. सगळ्या दगडाजवळच्या."

मी म्हटलं, "मी पानी नाई दिलं तुबा. अल्लाकसम. लोटा एकाही झाडाले नाई लावला."

"तू नाई दिलंस, दादी. पन गेलं."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला, आणि आधी मी त्या झाडांवरच चिडले. मागचा हिवाळाभर ज्यांना माणिकबाईच्या सुनेची गोष्ट सांगितली, त्यांनी पोरांकरवी माझीच चुगली केली. म्हणजे माझ्या बोलण्याचा असर नव्हता तो. माझ्या पायांच्या पाण्याचा होता. एवढ्या गप्पा फुकट गेल्या.

मी विचारलं, "म्हंजे मी सारं नासवलं का, बेटा?"

तुबा हसते की रडते ते कळेना. माझा ओला पाय तिनं मांडीवर घेतला, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "पुड्या बदलल्या नव्हत्या, दादी. मी विसरली नव्हती." हे तिनं दोनदा म्हटलं. मग उठून विमल मॅडमना फोन लावायला गेली, आणि चप्पल दगडाजवळच विसरली.

१७ जानेवारी

विमल मॅडम आल्या. मी म्हटलं होतं, बाई रागावली तर माझ्यावर रागावू दे. उंच, सडपातळ, आवाजात छडी. चहाला नाही म्हणाल्या. थेट दगडापाशी गेल्या, उकिडव्या बसल्या, उतार पाहिला, दोन्हीकडची माती चिमटीत घेतली, वास घेतला. मग मला म्हणाल्या, "आजी, रोज इथेच बसत होतात? एखादा दिवस चुकला का?"

कुर्बान मध्येच बोलला, "मॅडम, सूर्य चुकन, माही अम्मा नाई चुकनार. तुबापासून गुडघा लपवला, ते दोन दिवस सोडून."

"दिवसातून किती वेळा?"

"पाच," मी म्हटलं.

"पाणी किती?"

मी लोटा दाखवला. तोच लोटा, माझ्या लग्नातला. "याच्यावर एक घोट नाई. माहे अब्बा म्हनत, नदीकाठी बसलं तरी वजूचं पानी वाया नाई घालवाचं."

मॅडम लोट्याकडं पाहत राहिल्या आणि मग हसल्या. छडीचा आवाज कुठल्या कुठं गेला. "तुबा, विद्यापीठाच्या कुठल्याही प्लॉटवर इतकं वक्तशीर पाणी मला आजवर मिळालेलं नाही."

मग त्या तुबाला समजावू लागल्या. मी कान तिकडंच ठेवला. सावत्र पट्टा एकच, माती एकच, बियाणं एका वंशाचं, पेरणीचा दिवस एक. फरक फक्त आजीच्या लोट्याचा. आणि लेकरं मातीवर नाही गेली, पाण्यावर गेली. ज्या मायला तहान लागली तिचं लेकरू खोल गेलं. शेजारीच जिला पाणी मिळालं तिचं वर राहिलं. "मी तुला मातीचं विचारलं होतं ना? तुझ्या आजीनं तुझ्याआधीच उत्तर पेरून ठेवलंय." आणि मग, "आता लगेच नाचू नका. अजून एका सालाची गोष्ट आहे. कोपरा लहान आहे. हे पुन्हा करावं लागेल, मुद्दाम, मोजून. आणि त्याच्या पुढच्या पिढीत हे किती उरतं तेही पाहावं लागेल. विषय बदलायचा नाही."

नाचू नका म्हणे. तुबानं तिथंच माझ्याभोवती फेर धरला. कुंपणापलीकडून माणिकबाई विचारते, "काय झालं वो? वाटण्या मिटल्या का?"

मग मॅडम चहा प्यायल्या. दोन कप.

७ फेब्रुवारी

पुढच्या रब्बीचं ठरलं. सावत्राचे तीन भाग, तीन दगड. एका दगडावर मी वजू करणार, एका दगडावर तेवढंच साधं पाणी तुबा ओतणार, आणि तिसरा दगड कोरडा. साधं पाणी कशाला, मी विचारलं. तुबा म्हणाली, "तुह्या दुआचा असर की पान्याचा, मॅडमले तेबी पाहाचं हाय." बघू द्या. माझी काही हरकत नाही. दुआ जिंकली तर मात्र डॉक्टर मी.

कुर्बाननं बकऱ्यांचं टीन गोठ्याच्या मागं टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि काल पाहते तर खऱ्या सावत्राचे, कोरड्या ओळींतले, मागच्या सोंगणीचे उरलेले दोन मूठ दाणे त्यानं डब्यात वेगळे काढून ठेवलेत. विचारलं तर म्हणाला, "मॅडम म्हनल्या, आताच भरोसा नाई. मी कुठं भरोसा ठेवून राह्यलो? मी त नुसतं ठेवून राह्यलो." तोही हल्ली पुष्कळ बोलतो.

गुडघा बरा आहे. न्हाणीत आता खरबरीत फरशी लागली, पण मी काही आत जात नाही. विद्यापीठाचं काम आहे.

पदरात आज एकच गाठ मारली आहे, आणि ती तुबासाठी. भुलक्कड मी तिला अजूनही म्हणते, तोंड बंद पडेल की नाहीतर. पण म्हटल्यावर तिच्या डोळ्यांकडं पाहून घेते.

आणि गजाला, एक विचारते. मी आज इतकंसंच बोलले, तरी तुझी लेखणी एवढा वेळ काय खरडत होती? मला अक्षर येत नाही, पण हात चालताना दिसतो. काय लिहिलंस माझ्या पाठीमागं?

(तुमचंच बोलणं, थोडी नीळ जास्त. बाकी सांगणार नाही. – गजाला)

बरं. तुबाचं इथलं मोजमाप संपलं, खुडायला मोकळीक मिळाली आहे. तर अकोल्याचा डबा भरशील तेव्हा त्यात हरभऱ्याची वाळवलेली भाजी घाल, सोबत ज्वारीच्या कण्या, आणि मॅडमसाठी लसणाची चटणी वेगळ्या पुडीत, तिखट कमी. ओले घाटे मात्र एकही पाठवू नको. हुळा इथंच भाजायचा, दगडाजवळ. ज्यांना खायचा असेल त्या दोघींनी इथं यावं.